मैदानाचे नियम, कारभाराचे नियम : कबड्डी महासंघाची पाऊणशे वर्षे

स्मरणिकेत मंडळाचा अहवाल असतो, देणगीदारांची यादी असते, जुन्या खेळाडूंचे फोटो असतात. ज्या संस्थेच्या नियमपुस्तकावर आपले सामने चालतात, तिची हकिगत मात्र सहसा कोणी छापत नाही. सवच्या गरम पाण्याच्या कुंडांपासून पोलादपूरच्या घाटापर्यंत, भाताची कापणी-झोडणी उरकली की वाडीवाडीत मैदाने आखली जातात. मुंबईकर मंडळी वर्गणी काढतात, चषक येतात, रात्री उशिरापर्यंत सामने रंगतात. पण संघाची नोंदणी, पंचाची परीक्षा, जिल्ह्याची निवड चाचणी आणि खेळाडूच्या हातात पडणारे प्रमाणपत्र ज्या साखळीतून येते, ती तालुक्यावरून जिल्ह्याकडे, जिल्ह्यावरून राज्याकडे आणि राज्यावरून भारतीय हौशी कबड्डी महासंघाकडे जाते. म्हणून या वेळी त्या महासंघाचा इतिहास.

हा इतिहास चाळताना एक विसंगती पानोपानी दिसते. चढाई कशी करायची, बाद कोणाला द्यायचे, याचे नियम या खेळाने फार लवकर आणि बारकाईने लिहून काढले. संस्था कशी चालवायची, हे मात्र शेवटी न्यायालयाला सांगावे लागले.

हुतुतूचे नियमपुस्तक

आपल्या आजोबांच्या पिढीला हा खेळ हुतुतू म्हणून ठाऊक होता. गावागणिक त्याची तऱ्हा वेगळी. बाद झालेला गडी परत आत येऊ शकतो ती संजीवनी. बाद झालेल्याने बाहेरच बसायचे ती गामिनी. आणि बाद झाला तरी गडी मैदानातच राहतो, फक्त गुण मोजायचे, ती अमर. दोन गावे समोरासमोर आली की पहिले भांडण कोणत्या तऱ्हेने खेळायचे यावर.

हे भांडण मिटवण्याचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत महाराष्ट्रातल्या आणि बडोद्याच्या व्यायामसंस्थांनी केले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये मोठ्या स्पर्धा भरवल्या आणि नियमांना एकसारखे रूप दिले. १९३४ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने सुधारित नियम तयार केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत हा खेळही होता. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रीय स्पर्धांत त्याला जागा मिळाली.

संजीवनीचा पाया धरून आजचा खेळ उभा राहिला. प्रत्यक्ष मैदानात सात, राखीव पाच. पुरुषांसाठी १३ बाय १० मीटरचे मैदान, महिलांसाठी १२ बाय ८. निदान रेषा, बोनस रेषा, लोणाचे दोन गुण. पंचाचा निर्णय अखेरचा, हे तत्त्व तेव्हापासून सर्वांनी मान्य केलेले.

महासंघाची स्थापना

१९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. योगायोग असा की त्याच वर्षी मुंबई राज्याने सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा केला. आज आपली गावोगावची क्रीडा मंडळे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याबरोबरच या कायद्याखाली अलिबागच्या धर्मादाय कार्यालयात नोंदलेली असतात. खेळाची संघटना आणि संघटनेचा कायदा अशा रीतीने जोडीनेच वाढले, पण एकमेकांची ओळख करून घ्यायला त्यांनी बराच वेळ घेतला.

पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ मध्ये मद्रासला झाली, महिलांची १९५५ मध्ये कलकत्त्याला. १९७२ च्या सुमारास महासंघाची पुनर्रचना होऊन भारतीय हौशी कबड्डी महासंघ हे आजचे नाव आले. १९७४ मध्ये भारतीय संघ बांगलादेशच्या दौऱ्यावर गेला, १९७८ मध्ये भिलाईत आशियाई महासंघ उभा राहिला, १९८० मध्ये पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९८२ च्या दिल्ली आशियाडमध्ये प्रात्यक्षिक म्हणून कबड्डी खेळली गेली. १९९० मध्ये बीजिंगला ती पदकाचा खेळ झाली.

या सगळ्या धडपडीत शंकरराव उर्फ बुवा साळवी हे नाव महाराष्ट्र विसरू शकत नाही. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. नियमांची छपाई, पंचांची शिबिरे, परदेशी संघांना खेळ शिकवणे ही कामे त्यांच्या पिढीने अक्षरशः खिशाला चाट लावून केली.

रायगड जिल्ह्याच्या वाट्यालाही एक मान आला. २००४ चा पहिला विश्वचषक मुंबईत झाला, तर २००७ चा दुसरा आपल्या पनवेलला. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात भारताने इराणला हरवले. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला, त्या संघात महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या तिघी होत्या.

पैसा आला, तेव्हा

कबड्डीत पैसा प्रो कबड्डी लीगमुळे आला असे नव्या पिढीला वाटते. त्याआधीही रेल्वे, बँका, तेल कंपन्या, खत कारखाने यांचे संघ होते आणि राज्यातल्या स्पर्धांत व्यावसायिक गट वेगळा भरे. चांगल्या चढाईपटूचे बक्षीस म्हणजे नोकरी. कोकणातल्या कित्येक घरांची चूल त्या नोकरीवर पेटली. खेळाडू, मालक आणि संघटना यांच्यात करार काय, हक्क कोणाचे, असले प्रश्न तेव्हा फारसे पडत नसत, कारण पगार कंपनीचा आणि स्पर्धा संघटनेची, अशी वाटणी सरळ होती.

२६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि ती वाटणी मोडली. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली १२ लाख ८० हजारांची होती, राकेश कुमारवर. चारच वर्षांत, २०१८ मध्ये, मोनू गोयतवर १ कोटी ५१ लाखांची बोली लागली आणि आपल्या मुंबईच्या रिशांक देवाडिगावर १ कोटी ११ लाखांची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडच्या सिद्धार्थ देसाईला २०१९ मध्ये १ कोटी ४५ लाख मिळाले. यू मुंबाने २०१५ मध्ये आणि पुणेरी पलटणने २०२४ मध्ये विजेतेपद पटकावले. ३० सेकंदांची चढाई, तिसरी निर्णायक चढाई, अव्वल पकड हे शब्द वाडीतल्या पोरांच्याही तोंडी बसले.

मग पेच सुरू झाले. महासंघ हौशी, लीग व्यावसायिक. लीगला मान्यता महासंघाची, पैसा वाहिनीचा आणि संघमालकांचा. २०१९ मध्ये महासंघाबाहेरच्या एका संघटनेने पुण्याच्या बालेवाडीतून वेगळी लीग सुरू केली आणि खेळाडूंना उत्पन्नात वाटा देऊ केला. तिच्यात खेळलास तर आमची दारे बंद, असे महासंघाने खेळाडूला सांगावे का?

हा प्रश्न हॉकीत आधीच विचारला गेला होता. खडकीच्या धनराज पिल्ले आणि इतर खेळाडूंनी हॉकी इंडियाविरुद्ध, बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती. मान्यता नसलेल्या लीगमध्ये खेळल्यास राष्ट्रीय संघात जागा नाही, हा नियम त्यांना जाचक वाटत होता. २०१३ च्या निकालात आयोगाने हॉकी इंडियाला दोषी धरले नाही. मात्र नियम करणारा आणि स्पर्धेतून कमावणारा एकच असेल तर त्याने स्वतःवर बंधने घालून घ्यावीत, असे बजावले. त्याच वर्षी क्रिकेट मंडळाला मात्र आयोगाने ५२ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता, कारण आयपीएलच्या करारात त्याने प्रतिस्पर्धी लीगला वाव देणार नाही असे कबूल केले होते.

महिलांच्या बाबतीत पैशाने हात आखडता घेतला. २०१६ च्या पावसाळ्यात तीन संघांची महिला लीग झाली, एका संघाची कर्णधार अभिलाषा म्हात्रे होती. पुरुषांची लीग वर्षानुवर्षे मोठी होत गेली. महिलांची त्या एका हंगामानंतर पुढे सरकली नाही. राष्ट्रीय स्पर्धा १९५५ पासून खेळणाऱ्या मुलींना लीग का नाही, याचे उत्तर महासंघाच्या कोणत्या तरी इतिवृत्तात असायला हवे होते.

महासंघ न्यायालयात

जनार्दनसिंग गेहलोत यांनी सुमारे २८ वर्षे महासंघाचे अध्यक्षपद सांभाळले. आशियाई पातळीवर खेळ नेण्यात त्यांचा वाटा मोठा, हे नाकारता येणार नाही. पण २०१३ मध्ये घटनेत बदल करून ते तहहयात अध्यक्ष झाले आणि अध्यक्षपदी त्यांच्या पत्नी डॉ. मृदुल भदौरिया निवडून आल्या. माजी खेळाडू महिपाल सिंग आणि इतरांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. ३ ऑगस्ट २०१८ ला न्यायालयाने ती निवडणूक आणि तहहयात पदाची तरतूद दोन्ही रद्द केली आणि प्रशासक नेमला.

न्यायालयाचा आधार नवा नव्हता. क्रीडा महासंघांवरील पदाधिकाऱ्यांची मुदत मर्यादित असावी, असे केंद्र सरकारने १९७५ मध्येच कळवले होते. २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा विकास संहितेने ७० वर्षांची वयोमर्यादा आणि मुदतीची बंधने एकत्र मांडली. महासंघांचे म्हणणे असे की क्रीडा हा राज्यघटनेत राज्यसूचीतला विषय, आम्ही खासगी संस्था, सरकारने आमच्या घरात डोकावू नये.

महाडकरांना हा युक्तिवाद ऐकल्यासारखा वाटेल. चवदार तळ्यावर दलितांना पाणी भरू देऊ नये म्हणून केलेल्या दाव्यातही वादी म्हणत होते की तळे खासगी आहे आणि त्यावर आमचीच वहिवाट आहे. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने ती कथित प्राचीन प्रथा सिद्ध होत नाही असा निकाल दिला. दोन प्रकरणांची उंची एक नाही. तिथे माणुसकीचा प्रश्न होता, इथे खेळाच्या कारभाराचा. पण सर्वांच्या उपयोगाची गोष्ट काहींच्या ताब्यात किती काळ आणि कशाच्या जोरावर राहू शकते, ही चौकशी दोन्हीकडे आहे. क्रीडासंस्थांपुरती ती क्रिकेटमध्ये आधी झाली. क्रिकेट मंडळाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते घटनेतल्या अर्थाने ‘राज्य’ नाही असे तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले. २०१५ मध्ये मात्र मंडळ सार्वजनिक स्वरूपाचे काम करते, म्हणून ते उच्च न्यायालयाच्या कक्षेत येते, हे स्पष्ट केले. त्यानंतरच्या लोढा समितीच्या शिफारशींत ‘एक राज्य, एक मत’ हे सूत्र होते. महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन क्रिकेट संघटना असल्याने आपल्याकडे त्यावर बराच धुरळा उडाला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने तिन्ही संघटनांना पूर्ण मत परत दिले.

कबड्डीचा गुंता मात्र मैदानापर्यंत पोचला. २०१८ च्या जकार्ता आशियाडसाठी निवडलेल्या संघांबद्दल तक्रार झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने आदेश दिला की स्पर्धा आटोपल्यावर निवडलेले आणि डावललेले खेळाडू यांच्यात सामना घ्यावा आणि निवृत्त न्यायमूर्तींनी तो पाहावा. १५ सप्टेंबर २०१८ ला दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर डावललेले खेळाडू हजर झाले, आशियाडचा संघ आलाच नाही. मधल्या काळात जकार्त्यात पुरुषांच्या उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असे हरवले होते आणि महिलांचे सुवर्णही इराणने नेले होते. आशियाडमधली आपली अखंड मालिका तिथे तुटली. पराभवाचे खापर कारभारावर फोडणे सोपे आहे. इराणचा खेळ खरोखर वरचढ झाला होता, हेही लिहिले पाहिजे.

२०२३ च्या हांगझोऊ आशियाडमध्ये दोन्ही सुवर्णपदके परत आली. पण ७ ऑक्टोबरचा पुरुषांचा अंतिम सामना आठवा. गुण २८-२८, दोन मिनिटांहून कमी वेळ बाकी. पवन सेहरावत कोणालाही स्पर्श न करता लॉबीत गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. जुन्या नियमाने पाठोपाठ गेलेले बचावपटूही बाद. लीगमधून आलेल्या नव्या नियमाने फक्त चढाईपटू बाद आणि चढाई संपली. कोणता नियम लागू, यावर पंचांचेच एकमत होईना. सामना सुमारे तासभर थांबला, अखेर भारत ३३-२९ ने जिंकला. १९३४ मध्ये मिटवलेले भांडण सुमारे ९० वर्षांनी आशियाडच्या अंतिम सामन्यात परत उभे राहिले, कारण महासंघाचे नियमपुस्तक एक आणि लीगचे दुसरे, अशी स्थिती कोणी निस्तरली नव्हती. कारभाराचे नसले तरी मैदानाचे नियम पक्के आहेत, हा कबड्डीचा अभिमानही त्या दिवशी डळमळला.

प्रशासकाची राजवट काही महिन्यांची असायला हवी होती, ती वर्षांनी मोजली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक झाली तरी निवडून आलेल्यांच्या हाती कारभार आला नाही. निवडून आलेली समिती नाही म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघाने भारताला निलंबित केले आणि महिला संघाचे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेला जाणे अडले. दोन महिला खेळाडू सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ६ फेब्रुवारी २०२५ ला न्यायालयाने प्रशासकांना कारभार निवडून आलेल्या समितीकडे सोपवण्यास सांगितले. संघ इराणला गेला आणि मार्चमध्ये अंतिम सामन्यात यजमानांना हरवून विजेता झाला. पदाधिकाऱ्यांच्या भांडणात बंद झालेले दार खेळाडूंनी स्वतः कोर्टात जाऊन उघडून घेतले, हा या पाऊणशे वर्षांतला सर्वांत बोलका प्रसंग.

महाविद्यालयीन खेळाडूचे काय

आपल्या भागातला मुलगा गावाकडून खेळतो, मग तालुक्याकडून, मग महाविद्यालयाकडून, जमल्यास विद्यापीठाकडून. विद्यापीठांच्या स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ भरवतो. तिथे खेळाडू पूर्णवेळ विद्यार्थी असावा लागतो आणि वयाची वरची मर्यादा २५ वर्षांची. नोकरीवर असलेल्याला तिथे जागा नाही. मग लीगचा करार ही नोकरी धरायची का? हंगामाच्या मानधनावर खेळणारा पोरगा परीक्षेला बसतो, हजेरी भरतो, तरी त्याला विद्यापीठाच्या संघातून वगळायचे का? वर्षात दोन-तीन महिने सामन्यांत गेले तर हजेरीची सूट कोणी द्यायची? याची उत्तरे आज जागोजागी वेगळी मिळतात.

अमेरिकेत हा वाद फार पुढे गेला आहे. तिथल्या महाविद्यालयीन खेळांची संघटना एनसीएए खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे पैसे मिळू देत नसे, स्पर्धांचे प्रक्षेपण मात्र अब्जावधी डॉलरना विकले जाई. जून २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी निगडित लाभांवरची बंधने एकमताने बेकायदा ठरवली. १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता येऊ लागले. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने महाविद्यालये खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आणि जुन्या खेळाडूंसाठी सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई ठरली. तिथे भांडण कमाईच्या वाट्याचे आहे. आपल्याकडे महाविद्यालयीन कबड्डीत तेवढी कमाईच नाही. आपले भांडण प्रमाणपत्राचे आहे.

कारण प्रमाणपत्राला आपल्याकडे नोकरीची किंमत आहे. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयाने ते आले आणि १ जुलै २०१६ च्या निर्णयाने त्याचे निकष कडक झाले. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीला आली तसा क्रीडा खात्याकडून पडताळणीचा नियमही घट्ट झाला. पडताळणीत पहिला प्रश्न असतो : स्पर्धा घेणारी संघटना मान्यताप्राप्त होती का? एकाच खेळाच्या दोन संघटना राज्यावर हक्क सांगू लागल्या, की खरा खेळणाऱ्याचा कागदही संशयात सापडतो. महासंघावर प्रशासक आहे की निवडून आलेली समिती, ही बातमी म्हणूनच पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोलादपूरच्या मुलाच्या घरची बातमी आहे.

नवा कायदा

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. १८ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. महासंघांना मान्यता देणारे राष्ट्रीय क्रीडा मंडळ, वाद सोडवणारे राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण, कार्यकारिणीत जास्तीत जास्त १५ सदस्य, त्यांत किमान दोन नामवंत खेळाडू आणि चार महिला, अशा तरतुदी त्यात आहेत. न्यायाधिकरणाच्या निर्णयावरचे अपील सामान्यतः थेट सर्वोच्च न्यायालयात जाईल. क्रिकेट मंडळही या कायद्याच्या कक्षेत आले. माहितीचा अधिकार मात्र सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांपुरताच राहिला.

कायद्याविरुद्धचे आक्षेपही बिनबुडाचे नाहीत. राष्ट्रीय क्रीडा मंडळाचे सदस्य केंद्र सरकार नेमणार, मग महासंघ पदाधिकाऱ्यांच्या हातून सुटून सरकारच्या हातात जाणार का, हा प्रश्न रास्त आहे. ७० ते ७५ वयाच्या व्यक्तींनाही आंतरराष्ट्रीय नियम परवानगी देत असतील तर उभे राहता येईल, ही सवलत संहितेपेक्षा ढिली आहे. पण खेळाडूला दिल्लीत वकील लावून वर्षानुवर्षे थांबावे लागणार नसेल, तर तेवढ्यासाठी या कायद्याचे स्वागत करावे लागेल.

आपल्या मंडळांसाठी

महासंघावर बोट ठेवताना आपापल्या मंडळाची वही उघडावी. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. किती मंडळे तो वेळेवर करतात? वार्षिक सभा खरोखर भरते, की होळीच्या दिवशी सह्या गोळा होतात? हिशेब तपासून घेतले जातात का? अध्यक्ष किती वर्षे तेच? समितीत खेळलेली एकही मुलगी का नाही? शिखरावर जे घडले त्याची लहान आवृत्ती वाडीत घडत असेल, तर न्यायालयाच्या निकालांवर टाळ्या वाजवण्याचा हक्क आपल्याला नाही.

महाड-पोलादपूर परिसरातल्या प्रत्येक कबड्डी मंडळाला विनंती अशी : येत्या वार्षिक सभेत पदाधिकाऱ्यांची मुदत घटनेत लिहून घ्या, दोन आजी-माजी खेळाडू आणि किमान दोन महिला समितीवर घ्या, स्पर्धेपूर्वी कोणते नियमपुस्तक लागू आहे ते प्रवेशपत्रिकेवर छापा, आणि दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद क्रमांकासह वहीत ठेवा. याला ना निधी लागतो, ना दिल्लीची परवानगी.